जस्ताच्या वाफेला वाट हवी: गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या लेझर वेल्डिंगमधले माझे पहिले महिने

चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे आलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे ०.८ मिमीचे दोन गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पोलादी पत्रे एकावर एक ठेवून लेझरने जोडणं. आदल्याच आठवड्यात साध्या सीआर (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेल्या) पत्र्यावर माझे वेल्ड सुरेख आले होते. तेच पॅरामीटर लावले, तर वेल्डभर भोकं, आणि लेझर हेडच्या संरक्षक काचेवर उडालेले धातूचे थेंब. पॉवर कमी केली, स्पीड वाढवला, फोकस वरखाली करून पाहिला. दहा दिवस हेच चाललं होतं.

मशिनवर एक जुने ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. एका दुपारी ते म्हणाले, "क्लॅम्प सैल कर जरा. वाफ कुठून जाणार?"

"पण मामा, पत्रे घट्ट बसले पाहिजेत ना?"

"ते साध्या पत्र्याला. याला जस्त आहे."

कॉलेजात मी जस्ताचा उत्कलनबिंदू पाठ केला होता: ९०७ अंश सेल्सिअस. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. म्हणजे पोलाद वितळायच्या कितीतरी आधी दोन पत्र्यांमधल्या जस्ताची वाफ झालेली असते. जस्त घनरूपातून वाफेत गेलं की आकारमान साधारण दहा हजार पट होतं. पत्रे घट्ट आवळलेले असले तर ही वाफ वितळलेल्या धातूतूनच वर फुटते. बटवेल्डमध्ये, म्हणजे पत्रे एकावर एक न ठेवता कडेला कड लावून जोडताना, हा त्रास इतका होत नाही, कारण तिथे थर बाहेरच्या बाजूंना असतो आणि वाफ मोकळ्या हवेत निघून जाते. या दोन आकड्यांची आणि माझ्या भोकांची गाठ मला मामांच्या एका प्रश्नाने घालून दिली.

मग फीलर गेजच्या (फट मोजायच्या) पातळ पट्ट्या पत्र्यांमध्ये सरकवून ०.१ ते ०.२ मिमीची फट ठेवली. वेल्ड एकदम शांत झाला. पण फट वाढली की वितळलेला धातू खाली ओघळतो, वेल्ड वरून खोलगट दिसतो आणि कधी खालचा पत्रा जोडलाच जात नाही. प्रॉडक्शनमध्ये पट्ट्या सरकवत बसता येत नाही. तिथे खालच्या पत्र्यावर आधी लेझरनेच बारीक उंचवटे काढतात, किंवा प्रेसमध्येच डिंपल (छोटे फुगवटे) पाडून घेतात. वरचा पत्रा त्यांवर टेकला की फट आपोआप राहते. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: पॅरामीटरच्या स्क्रीनआधी फिक्स्चर, म्हणजे पत्रे जागेवर धरून ठेवणारी चौकट, शिका. क्लॅम्प कुठे दाबतो, पत्रा कुठे उचलला जातो, हे हाताने चाचपून बघा.

वरून छान दिसणाऱ्या वेल्डवर विश्वास ठेवू नका. तुकडा कापा, पॉलिश करा, नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणाने) एच करून मायक्रोस्कोपखाली धरा. दोन पत्र्यांच्या सीमेवर वेल्डची रुंदी किती भरते, ते तिथेच दिसतं. ताकद त्या रुंदीवर असते.

कॉइलचा (पत्र्याच्या गुंडाळीचा) टॅगही वाचा. एकदा सगळं जमलेलं असताना नवी कॉइल लावली आणि भोकं परतली. आधीचा पत्रा १२० ग्रेडचा होता, नवा २७५ चा. हे आकडे दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये असतात. म्हणजे एका बाजूचा थर सुमारे ८ मायक्रॉनवरून १९ मायक्रॉनवर गेला होता, आणि वाफही त्याच प्रमाणात वाढली होती.

तब्येतीचं मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी, बहुतेक घरी पोचल्यावर, थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. दूध-गुळाने हा धूर थांबत नाही. फ्यूम एक्स्ट्रॅक्टरचं (धूर ओढून घेणाऱ्या यंत्राचं) तोंड वेल्डच्या जवळ आणा आणि ओढ नीट लागते का ते तपासूनच मशिन सुरू करा. फायबर लेझरचा १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा किरण डोळ्यांना दिसत नाही. आर्क वेल्डिंगची काच त्याला चालत नाही. त्याच तरंगलांबीचा आकडा छापलेला चष्मा मागून घ्या, आणि तो मिळेपर्यंत केबिनचं दार उघडू नका.