आईच्या ओट्यावरचा इको

आईला अभंग ऐकायला इको आणला, म्हणजे अलेक्साशी बोलून चालवायचा अ‍ॅमेझॉनचा स्पीकर. तुम्हीही आणलात, तर आधी घरच्यांसोबत बसून अलेक्सा अ‍ॅपमधली 'व्हॉइस हिस्टरी', म्हणजे साठलेली आवाजाची रेकॉर्डिंग, ऐका. स्वतःची फर्माईश स्वतःच्याच आवाजात तिथे साठलेली ऐकून आई गप्पच झाली. मग 'अलेक्सा प्रायव्हसी'त जाऊन रेकॉर्डिंग न साठवण्याचा पर्याय निवडा.

तरी आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातोच. अमेरिकेत काही मॉडेलांवर तो घरातच ठेवायची सोय होती, तीही २८ मार्च २०२५ पासून बंद झाली. म्हणून माझा भरवसा माइकच्या बटणावर. दाबलं की माइक बंद होतो नि लाल दिवा लागतो. बँकेचं, दुखण्याखुपण्याचं बोलणं निघालं की आई आता आधी तो लाल करते. घरात इको आहे हे पाहुण्यांनाही सांगा, त्यांचा तो हक्कच आहे. झोपायच्या खोलीत मात्र ठेवूच नका.