चहाची नवी पालवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या: माझा अनुभव

चहाच्या झुडपांची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, खुडायला कोंब जेमतेम. युरिया दिला, पाणी वाढवलं, राखही टाकली (तीच चूक, राखेने आम्लता आणखी घटते). दोन हंगाम वाया गेले. शेवटी माती तपासली: पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकी माती जास्त आम्ल) ७.३. चहाला ४.५ ते ५.५ मानवतो, त्यावर गेला की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही.

आधी राख आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी बंद केलं, साठवलेलं पावसाचं सुरू. मग अहवालातल्या मात्रेने गंधकाची भुकटी वरच्या १५ सेंमी मातीत मिसळून ओल टिकवली. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, म्हणून काही महिने थांबावंच लागतं. घाईने दुसरा हप्ता देऊ नका. पीएच ५.४ झाल्यावर फुटवा हिरवा आला.