रेस सोडली की फटाके? आधी सायलेन्सरची पॅकिंग बघा

गॅरेजला लागून मला पाच महिने झाले होते, तेव्हा एक जुनी 100 सीसी कार्बोरेटरवाली गाडी आली, रेस सोडली की सायलेन्सरमधून फट् फट्. तीन दिवस मी कार्बोरेटरच उघडत बसलो. स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ केला, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू आत-बाहेर केला, प्लग बदलला, तरी उतारावर गिअरमध्ये सोडली की फटाके चालूच. गिऱ्हाईक रोज येऊन उभं राहायचं, मला रात्री झोप लागायची नाही.

दोष होता सायलेन्सरचा बेंड पाईप इंजिनाच्या हेडला बसतो तिथल्या तांब्याच्या रिंगचा, म्हणजेच पॅकिंगचा. ती मीच नवीन टाकलेली, म्हणून तिच्यावर संशयच घेतला नाही. पण जुनी रिंग चेपून काळी होऊन आत चिकटलेली असते, बघताना हेडचाच भाग वाटते, आणि मी तिच्यावरच नवीन बसवली, त्यामुळे पाईप तिरका बसला. रेस सोडली की पाईपात ओढ तयार होते, फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये पेटतं. म्हणून टॉर्च लावा, टोकदार पेचकसने कड हलकेच खरवडा. लाल चमकलं तर जुनी रिंग अजून आतच आहे, हेडचं ॲल्युमिनियम पांढरं दिसतं. पाईपाच्या नटाजवळ काजळीचा ओघळ असेल तर लीक आहेच. तरी शंका असेल तर थंड गाडी स्टार्ट करून लगेच जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतात.

आवाज कार्बोरेटरकडून शिंकल्यासारखा येत असेल तर मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडणारं) रबर चिरलंय का बघा. चढावर, लोडवर फुटत असेल तर प्लग, कॉइल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा. टॅपेट थंड इंजिनवरच लावा, एक्झॉस्टचा टाईट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो, इथे अंदाज अजिबात नको, फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज घ्या. 2020 नंतरच्या बीएस6 इंजेक्शनवाल्या गाडीत एअर स्क्रू शोधू नका, तिचा एरर कोड वाचा.

व्हिडिओ बघून “स्क्रू दीड आटा ठेवा” करणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि वस्ताद असा धरा जो आधी विचारतो, आवाज नेमका कधी येतो? हातातला पाना हिसकावून स्वतः काम उरकणाऱ्याकडे वर्ष काढलं तरी काही हाती लागत नाही.

घाबरू नका, कान हळूहळू तयार होतो. फक्त बेंड पाईप परत बसवताना त्याचे दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, जोर लावून स्टड तोडलात तर हेड उतरवायची वेळ येते. गाडी एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाली की परत पाना लावून बघा, नवीन रिंग दबते आणि नट थोडा सैल मिळतो.