जीन्स आणि रोजचे दागिने: दुकानाची पायरी चढण्याआधीची तयारी

जीन्स घ्यायला जायचं तर तयारी आदल्या रात्री घरीच सुरू करा. लागतो एक शिवणकामाचा टेप, एक कागद आणि कपाटातली अंगाला सगळ्यात नीट बसणारी जुनी जीन्स. ती पलंगावर सपाट पसरा, बटण आणि चेन लावा, सुरकुत्या हाताने काढा. पहिलं माप कंबरपट्टीचं. पुढची आणि मागची पट्टी एका रेषेत आणून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. १६ इंच भरले तर कंबर ३२. दुसरं माप आसनाचं, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात त्या शिवणीपासून पुढून वर कंबरपट्टीच्या काठापर्यंत. तिसरं मांडीचं, त्याच शिवणीच्या एक इंच खाली आडवं धरून, हेही दुप्पट. चौथं आतल्या शिवणीची लांबी, खालच्या दुमडीपर्यंत. पाचवं पायाच्या तोंडाची रुंदी. हे पाच आकडे कागदावर लिहा आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, कारण कागद हमखास घरी राहतो.

एवढा खटाटोप कशाला, तर लेबलावरचा आकडा भरवशाचा नसतो. ३० लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या जीन्स टेपवर इंच-दोन इंचांनी वेगळ्या निघतात, आणि एकाच कंपनीच्या दोन कटमध्येही फरक पडतो. ऑनलाइन मागवताना तर हे आकडे हाताशी हवेतच. फक्त तिथे माप शरीराचं दिलंय की कपड्याचं, ते आधी वाचा. पुष्कळ जीन्स याच गोंधळातून परत जातात.

पाच मापांत सगळ्यात दुर्लक्षित माप आसनाचं, आणि जीन्स शोभते की नाही हे बरंचसं तेच ठरवतं. आसन आठ इंचांच्या आसपास असेल तर जीन्स कमरेच्या हाडाखाली बसते, नऊ-दहाला बेंबीच्या थोडी खाली आणि अकरा किंवा जास्त असेल तर बेंबीवर. धड आखूड आणि पाय लांब असलेल्या बाईला अकरा इंची आसन थेट बरगड्यांपर्यंत येतं आणि खुर्चीत बसलं की पोटात रुततं. तिने नऊच्या आसपास थांबावं. उलट धड लांब आणि पाय आखूड असतील तर उंच आसनाने पाय लांब दिसतात. पोट पुढे असेल तर ते झाकायचं म्हणून कमी आसनाची जीन्स घेऊ नका. ती पोटाखाली सरकते, दिवसभर वर ओढावी लागते आणि पोट पट्टीवरून बाहेर येतं. पोटाला आत घेणारं उंच आसन आणि रुंद कंबरपट्टी जास्त नीट बसते.

दुकानात जाताना अंगावर पटकन काढता-घालता येणारे कपडे असू द्या आणि पिशवीत एक आखूड टॉप, एक कुर्ता, शिवाय जीन्सवर खरोखर जे घालणार ते पायताण. कोल्हापुरी चपलेवर बरोबर असलेली लांबी टाचेच्या सँडलवर घोट्याच्या वर जाते. वेळ जेवणानंतरची किंवा संध्याकाळची धरा. सकाळी रिकाम्या पोटी बरोबर बसलेली कंबर दुपारी जेवल्यावर आवळते.

कापड कशाचं आहे ते सांगणारी पट्टी आतल्या बाजूला शिवलेली असते, ती वाचा. पूर्ण सुती डेनिम सुरुवातीला कडक लागतं आणि वापरात कमरेला अर्धा ते एक इंच सैल होतं, म्हणून ते घेताना बटण लावायला थोडा जोर लागलेला चालतो. एक-दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलेलं कापड रोजच्या वापराला उत्तम. चार-पाच टक्के इलॅस्टेन आणि त्यात पातळ कापड असेल तर दुपारपर्यंत गुडघ्यावर पिशव्या होतात. तपासायचं असं: मांडीवरचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत आडवं ताणून दहापर्यंत मोजा आणि सोडा. लगेच सपाट झालं तर ठीक, तिथे लाट राहिली तर ती जीन्स ठेवून द्या. जाडसर डेनिम पोटऱ्या आणि मांड्यांचे उंचवटे झाकतं, पातळ ते दाखवतं. पण आपल्या उन्हाळ्यात १४ औंसाचं (एका चौरस यार्डाचं वजन) कापड सोसवत नाही, दहा-अकराचं बरं. जाड सुती कापडाला इंग्रजीत जो ‘डंगरी’ शब्द आहे तो आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलेला आहे. तेव्हा हे कापड आपल्याला परकं मानायचं काही कारण नाही.

ट्रायल रूममध्ये एकच जीन्स घेऊन जाऊ नका. आपल्या मापाची, त्याहून एक मोठी आणि एक लहान, अशा तीन न्या. घातल्यावर आधी आरशात पुढून पाहा. जांघेतून मिशांसारख्या आडव्या रेषा दोन्ही बाजूंना ओढल्या गेल्या असतील तर सीट किंवा मांडी घट्ट आहे; एक माप मोठी घ्या आणि कंबर नंतर शिंप्याकडून कमी करा. ‘वापरून सैल होईल’ हे कमरेला लागू पडतं, जांघेला नाही. मग पाठमोरं व्हा आणि फोनने मागून फोटो काढा. सीटखाली उभ्या घड्या पडत असतील तर कापड जास्त आहे. कंबरपट्टी मागे उघडी पडून आत चार बोटं जात असतील तर कंबर आणि सीट यांतला तुमचा फरक त्या कटमध्ये मावत नाही, वेगळा कट बघा. खिशांचाही परिणाम मोठा असतो. लहान आणि एकमेकांपासून लांब लावलेले खिसे सीट रुंद दाखवतात. मध्यम आकाराचे, थोडे मधल्या शिवणीकडे झुकलेले खिसे ती आटोपशीर दाखवतात. खिशाचा तळ सीट संपते तिथल्या वळीच्या खाली गेला तर पाय आखूड वाटतात. मांडीवर पांढरट फिक्या रंगाचा पट्टा असेल तर बघणाऱ्याची नजर तिथेच जाते, म्हणून पहिली जीन्स गडद आणि एकसारख्या रंगाची घ्यावी असं आमचं ठाम मत आहे.

आता हालचाल. उकिडवं बसा, स्टुलावर पाच मिनिटं बसून राहा, एक पाय स्कूटरवर टाकल्यासारखा उचला. बसल्यावर पाठीमागून पट्टी खाली येऊन कंबर उघडी पडली तर मागचं आसन कमी आहे. ते पुढच्यापेक्षा तीन-चार इंच जास्त असावं लागतं आणि कुठलाही शिंपी ते नंतर वाढवून देऊ शकत नाही.

शिंप्याकडे काय होतं आणि काय होत नाही, हे माहीत असलं की निम्मी जीन्सखरेदी सोपी होते. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून एक-दीड इंच कमी होते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. मधला पट्ट्याचा लूप उसवून परत लावायला सांगा. लांबी कमी होते, पण बूटकटमध्ये जपून: तिचा पाय गुडघ्याशी अरुंद होऊन खाली पसरतो, आणि खालून चार इंच कापले की पसरटपणाच कापला जातो. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर सरळ कट घ्या किंवा मुळातच २६ ते २८ इंच आतली लांबी असलेली शोधा. कापण्याआधी जीन्स एकदा धुऊन वाळवा, कारण पहिल्या धुण्यात सुती कापड थोडं आटतंच. मूळ दुमड तशीच ठेवून शिवून द्या म्हणावं. त्या दुमडीवरची घासलेली रेघ नव्या दुमडीवर येत नाही. शिंप्याने साधा बारीक दोरा आणि पातळ सुई वापरली तर जाड शिवणीवर टाके सुटतात, तेव्हा जीन्सचा जाड दोरा आहे का ते आधी विचारा. पावसाळ्यासाठी घोट्यापर्यंतचीच लांबी हवी. टाचेखाली लोळणारी दुमड रस्त्यावरचं पाणी वर ओढते आणि ओलं डेनिम दिवसभर वाळत नाही.

पहिलं धुणं वेगळं, उलटी करून, गार पाण्यात, आणि वाळत सावलीत. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होत नाही. नीळ धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, वरच्या थरावर बसते आणि घासून निघत राहते. म्हणून नव्या गडद जीन्सवर पहिले काही दिवस पांढरा कुर्ता किंवा फिक्या चामड्याची पर्स नको.

जीन्स ठरली की दागिन्यांचा डबा. आधी पलंगावर पांढरी चादर अंथरा आणि रोज घालण्यासारखं सगळं त्यावर मांडा. प्रत्येक कानातल्याचं मळसूत्र फिरवून बघा. दोन आट्यांतच घट्ट होऊन थांबलं किंवा फिरतच राहिलं, तर आटे झिजलेत, सोनाराकडे द्या. खड्यांच्या दागिन्यावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. एखादा तंतू अडकून राहिला की समजा तिथला काटा उचलला गेलाय. आज कापूस अडकला, उद्या ओढणी अडकेल आणि परवा खडा पडेल. मंगळसूत्राची कडी आणि तिच्याजवळचे चार मणी नखाने सरकवून पाहा. तार किंवा दोरा तिथेच झिजतो, तेव्हा तुटायची वाट न बघता पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

नवा सोन्याचा दागिना घेणार असाल तर त्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी नावाचा सहा अक्षरी-आकडी क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ला ७५०, १४ला ५८५. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक असावाच लागतो आणि बीआयएस केअर ॲपवर तो टाकून दुकानातच तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना मात्र हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून बारीक चमकीवर खूण नसली तर घाबरू नका, बिलावर कॅरेट लिहून घ्या.

जीन्स आणि दागिना एकमेकांना कुठे नडतात, हा भाग बहुतेक जणी विसरतात. खिशांच्या कोपऱ्यांवरचे ते धातूचे रिवेट मजुरांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून आले. २० मे १८७३ रोजी अमेरिकेत कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना त्याचं पेटंट मिळालं. मागच्या खिशांवरचे रिवेट खोगिरांवर आणि खुर्च्यांवर ओरखडे पाडत, म्हणून १९३७ साली ते कापडाखाली झाकावे लागले. पुढचे अजून उघडेच आहेत. २२ कॅरेटचं सोनं मऊ. दिवसातून वीस वेळा फोन काढताना पाटली किंवा अंगठी त्या रिवेटवर घासली की दोन-तीन महिन्यांत तिची चकाकी जाते. जीन्सवर हातात १८ किंवा १४ कॅरेटचं कडं बरं, नाहीतर फोन ज्या हाताने काढता त्याच्या उलट हातात बांगडी घाला. तिचं मापही सैल नको: २-४ म्हणजे सव्वादोन इंच व्यास, २-६ म्हणजे त्याहून अष्टमांश इंच जास्त. साडीवर शोभणारी सैल बांगडी जीन्सच्या खिशात हात घालताना अडकते.

दुसरी अडचण निकेलची. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांनाच पुष्कळदा बेंबीखाली रुपयाएवढा खाजरा चट्टा उठतो आणि त्याचं कारण सापडत नाही. ते कारण जीन्सचं बटण असू शकतं, त्यातही निकेल असतं. बटणाच्या मागे आतून सुती कापडाचा दुहेरी तुकडा शिवा आणि कानात सोनं, टायटॅनियम किंवा प्लॅटिनम घाला. चट्टा गेला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

पायातलं थोडक्यात: पैंजणाची कडी दुमडीच्या दोऱ्यात अडकते, म्हणून घुंगरांऐवजी सपाट साखळी; बंद बुटात उंच नक्षीची जोडवी शेजारच्या बोटाला घासतात, तिथे सपाट वळं.

काय कशावर घालायचं हे जीन्सपेक्षा गळा ठरवतो. शर्टाची वरची दोन बटणं उघडी असतील तर ठुशी उत्तम. मागची दोरी ओढून ती गळ्याच्या खळीत आणा, कॉलरवर चढू देऊ नका. ठुशी घातली की कानात बारीक कुडी, बाकी काही नाही. व्ही गळ्यावर १८ इंची साखळी, पदक गळ्याच्या टोकापासून दोन बोटं वर. गोल बंद गळ्यावर आखूड साखळी कापडावर चढते, तिथे बोरमाळ किंवा २४ इंची लांब मंगळसूत्र बाहेर सोडा. कोल्हापुरी साज साध्या, बिनछापाच्या कुर्त्यावरच; त्यातली बारीक पानं छापील कापडावर हरवतात. वजनाचं भान ठेवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका कानातलं पाच-सहा ग्रॅमच्या वर भरलं तर ते रोज नको. घालायचंच असेल तर वेल लावून भार केसांकडे घ्या. दुचाकीवर हेल्मेट किंवा तोंडाला स्कार्फ असेल तर हूकचे झुमके डब्यात घालून पर्समध्ये न्या आणि ऑफिसात पोचल्यावर घाला. स्कार्फ ओढताना हूक निसटतो आणि झुमका रस्त्यावरच राहतो.

सकाळचा क्रमही ठरलेला असू द्या: क्रीम, अत्तर, केसांचा स्प्रे, कपडे आणि सगळ्यात शेवटी दागिने. मोत्यांच्या कुड्या तर शेवटच्या शेवटी, कारण घाम आणि अत्तर मोत्याची झळाळी खातात. संध्याकाळी त्याच आधी निघाल्या पाहिजेत. ओलसर मऊ कापडाने पुसून, वाळवून, कापडी पिशवीत वेगळ्या ठेवा. चांदी हवाबंद पिशवीत, रबरबँडपासून लांब, कारण रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. सोनं महिन्यातून एकदा रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ ब्रशने घासा. दोऱ्यात ओवलेलं काही असेल तर ते त्या पाण्यात घालू नका, दोरा आतून कुजतो.