चाहत्यांच्या मतांवर बाद फेरी घेताय? या चुका टाळा

पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा अशी फुटबॉल संघांची नावं बाद फेरीच्या एका तक्त्यात (दोघांत ज्याला जास्त मतं तो पुढे) मांडून 'लाडका संघ कोणता?' एवढं विचारलं, तरी कोल्हापुरात मतं मागावी लागत नाहीत. पेठा आपोआप कामाला लागतात. वाद होतो तो निकालावर. शाहू स्टेडियमवर झालेला गोल सगळ्यांनी पाहिलेला असतो, मोबाइलवर पडलेलं मत कुणीच पाहिलेलं नसतं. त्यामुळे नियम, तक्ता आणि वेळा पहिलं मत पडण्याआधी जाहीर हव्यात.

चिठ्ठ्या टाकून जोड्या लावणं

चिठ्ठ्यांत दोन तगडे संघ पहिल्याच दिवशी भिडू शकतात आणि निम्म्या शहराचा रस तिथेच संपतो. मागच्या हंगामाच्या गुणतक्त्याप्रमाणे क्रमांक लावा. १६ संघ असतील तर प्रत्येक जोडीची बेरीज १७ ठेवा. वरच्या अर्ध्यात १-१६, ८-९, ५-१२, ४-१३ आणि खालच्या अर्ध्यात २-१५, ७-१०, ६-११, ३-१४. पहिले दोन संघ मग अंतिम फेरीआधी समोरासमोर येत नाहीत.

संघ ११ च असतील तर पहिल्या ५ संघांना पुढे चाल द्या, म्हणजे पहिल्या फेरीत लढत न देता थेट पुढच्या फेरीत घ्या. उरलेल्या ६ जणांच्या ३ लढती झाल्या की उपांत्यपूर्व फेरीला बरोबर ८ संघ मिळतात.

प्रत्येक लढतीचं वेगळं मतदान घेणं

ही चूक सर्वांत महागात पडते. लढत एकटी ठेवली की फक्त त्या दोन तालमींची (संघ चालवणाऱ्या पेठांतल्या मंडळांची) माणसं येतात आणि ज्यांचे सभासद जास्त ते जिंकतात. रोज दोन लढती एकाच फॉर्ममध्ये ठेवा, दोन्ही प्रश्न सक्तीचे करा आणि त्या दोन लढतींतले संघ शक्यतो वेगवेगळ्या पेठांतले निवडा. आपल्या संघासाठी आलेल्याला दुसऱ्या लढतीतही कौल द्यावा लागतो आणि तिथे त्रयस्थ मतं मिळतात. ईर्षा राहतेच, पण निकालाला वजन येतं.

१६ संघांच्या १५ लढती होतात. रोज दोन धरल्या तर पहिल्या फेरीला ४ दिवस, उपांत्यपूर्वला २, उपांत्यला १ आणि अंतिमला १ असे ८ दिवस. अंतिम लढतीला मात्र जोडीला दुसरी लढत नसते. तिथे तिसऱ्या क्रमांकाची लढत जोडा. दोन फेऱ्यांमध्ये एक दिवस हरकतींसाठी मोकळा सोडा, म्हणजे एकूण ११ दिवस. ज्या संघाचा मैदानावर खरा सामना आहे, त्या दिवशी त्याची लढत लावू नका.

चुकीचं साधन

व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा आधीपासून चालू असते. बंद केली नाही तर एकच माणूस दोन्ही संघांना मत देतो. शिवाय मत नावासकट दिसतं आणि नंतर बदलताही येतं. गल्लीच्या ग्रुपवर आपल्या तालमीविरुद्ध उघड मत कोण देणार?

गुगल फॉर्म बरा. त्यात 'एकच प्रतिसाद' हा पर्याय चालू करा, पण तेवढ्याने मत कुणाचं ते कळत नाही. ईमेल नोंदवणंही चालू करा. पर्यायांचा क्रम उलटसुलट होऊ द्या आणि निकालाचा सारांश मतदारांना दाखवू नका. आघाडी कळली की शेवटच्या तासात फोनाफोनी सुरू होते. मतं जिथे जमा होतात त्या जोडलेल्या गुगल शीटची वेळ भारतीय आहे का, हेही तपासा. ती चुकली तर मुदतीनंतरची मतं ओळखता येत नाहीत.

संशयास्पद मतं गुपचूप उडवणं

रात्री दोन वाजता दहा मिनिटांत ६० मतं एकाच संघाला पडली आणि ईमेलमध्ये एकच नाव आकडे बदलून दिसलं, तर ती बाजूला काढा, पण पुसू नका. त्यांच्यासह आणि त्यांच्याविना अशा दोन्ही बेरजा जाहीर करा. अशी मतं धरायची नाहीत, हा नियम आधीच लिहिलेला असावा. बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे, हेही तिथेच लिहा.

ईमेलची यादी कुणालाही देऊ नका. अंतिम निकालानंतर हरकतींची मुदत संपली की शीट पुसून टाका.