ठासणीच्या रायफलीसाठी हलका बार शोधताना या चुका टाळा

२५ यार्डांवरच्या कागदाला भोक पाडायला जोर लागत नाही. ५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच नळीच्या रायफलीला बारीक दाण्याची, म्हणजे थ्री-एफ काळी दारू ३०-३५ ग्रेन (दारू मोजायचं माप) पुरते. तरी ओहायोतल्या आमच्या रेंजवर नवा माणूस आला की पहिलाच बार ९० ग्रेनचा ठासतो. तो हरणाच्या शिकारीचा बार आहे. टार्गेटवर त्यातून मिळतो फक्त खांद्याला धक्का, आणि दोन-चार बारांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक तरुण आला. रायफल कोरी, हौस दांडगी, धीर मात्र अजिबात नाही. ९० ग्रेनवर त्याच्या गोळ्या ताटभर पसरल्या. मग त्याने दारू एकदम ४० वर आणली, त्याच फेरीत पॅचचं, म्हणजे गोळीभोवती गुंडाळायच्या तुकड्याचं कापड बदललं, त्याला चोळायचं ग्रीसही बदललं. गोळ्या थोड्या जवळ आल्या, पण खाली लागू लागल्या, म्हणून खिशातून कानस काढून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काटा घासला. नको म्हणेपर्यंत घासून झालं होतं. कागदावरचा गोळ्यांचा जमाव कशामुळे आवळला, दारूमुळे, कापडामुळे की ग्रीसमुळे, हे कोणालाच सांगता येईना. पुढे त्याच्या रायफलीला ५० ग्रेनचा बार मानवला, तेव्हा गोळ्या वर जायला लागल्या. घासलेलं लोखंड परत येत नाही. नवी माशी बसवावी लागली.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मी ३० ग्रेनपासून सुरू करतो आणि ५-५ ग्रेनने चढतो. प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या, प्रत्येक मापाला वेगळा कागद, आणि कागदावर तिथल्या तिथे दारू, गोळी, पॅच, ग्रीस सगळं लिहायचं. जमाव आवळत जातो आणि मग परत फुटायला लागतो. तिथून एक पायरी मागे यायचं. बार पक्का ठरेपर्यंत माशीला हात लावायचा नाही. इंटरनेटवरून कोणाचा तरी ‘हमखास’ बार उचलून आणणाऱ्यांना मी हेच सांगतो: तो त्याच्या नळीचा बार आहे, तुमच्या नळीचा तुम्हालाच शोधावा लागेल.

दुसरी चूक म्हणजे उडालेले पॅच न उचलणं. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक पाहिली असेल, तर तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पिळदार खाचा असतात, आणि गोल गोळीला त्या खाचांत पकडून फिरवतो तो हा कापडाचा पॅच. तो दहा-पंधरा फुटांवर गवतात पडलेला सापडतो. मधोमध काळा गोल डाग, कापड शाबूत, कडा थोड्या विस्कटलेल्या: ठीक आहे. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा ग्रीस कमी आहे. मी गादीच्या घट्ट विणीचं, ०.०१८ इंच जाडीचं सुती कापड आणि ०.४९० इंचाची शुद्ध शिशाची गोळी वापरतो. खाचांच्या रेषेत चिरा दिसल्या तर नळीच्या तोंडाची धार बोचते आहे, ती पॉलिश करून घ्या. त्या तरुणाचे ९० ग्रेनचे पॅच आम्ही वेचले तेव्हा त्यांची जाळी झाली होती. ते पाच मिनिटं आधी पाहिले असते तर माशी वाचली असती.

आता ज्या चुकीची मला खरी भीती वाटते ती. गजावर, म्हणजे गोळी ठासायच्या सळईवर, जुन्या मोठ्या बाराची खूण असते. बार हलका केला की गोळी आणखी खोल बसायला हवी. जुन्या खुणेपाशी गज थांबवला तर दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहते आणि नळी फुगू किंवा फाटू शकते. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. माप बदललं की खूण नवी करा.

दारू फ्लास्कमधून थेट नळीत ओतू नका; आत निखारा असेल तर सगळा फ्लास्क हातात फुटेल. आधी मापात घ्या, मग ओता.

बिनधुराची आधुनिक दारू चिमूटभरसुद्धा नाही. यावर मी वाद घालत नाही.

ट्रिपल सेव्हनसारखी पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा जोरकस असते, तेव्हा कंपनीचा तक्ता पाहूनच भरा. मापही काळ्या दारूसारखं आकारमानाने घ्यायचं, वजनकाट्याने नाही.

दोन बारांमध्ये नळी पुसायची ती रोज एकाच पद्धतीने: एक ओलसर चिंधी, एक कोरडी. चिंधी चिंब असली तर काजळीचा चिखल तळाशी ढकलला जातो आणि पुढचा बार दगा देतो. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान एक मिनिट थांबा. बार उशिरानेही उडतो.