संस्था एकाच माणसाच्या भरवशावर? विश्वस्त मंडळ आणि कार्यकर्त्यांबाबतच्या या चुका टाळा

कोल्हापुरात चांगल्या कामाला माणसं कमी पडत नाहीत. १९०१ पासून राजर्षी शाहूंनी ज्या विद्यार्थी बोर्डिंगांना बळ दिलं, त्यातली काही दसरा चौकाच्या परिसरात आजही उभी आहेत. पण अलीकडच्या कित्येक छोट्या संस्थांचा सगळा कारभार एका सचिवाच्या डोक्यात आणि त्याच्याच कपाटात असतो. तो आजारी पडला की वीजबिलही थकतं. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

निवड झाली, पेढे वाटले, चेंज रिपोर्ट राहिला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत संस्थेची नोंदणी असलेल्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो राहून जातो आणि काही वर्षं कुणाला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस सह्या बदलायला बँकेत गेलं की बँक शेड्युल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागते. त्यावर नावं जुनीच: एक गृहस्थ वारलेले, दुसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. खात्यात पैसे असून चेक वटवता येत नाही.

असं अडकला असाल तर सगळ्यात जुन्या बदलापासून सुरुवात करा. मधला एक रिपोर्ट रखडला की पुढचे सगळे त्याच्यामागे थांबतात. प्रत्येक निवडीची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला असा संच लावा आणि उशिराचं खरं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज जोडा. पुढच्या निवडीपासून सभेच्या आठवड्यातच वकिलाकडे कागद पोहोचवा.

हे सगळं उभं राहतं प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वहीवर. ‘विषय सर्वानुमते मंजूर’ एवढीच ओळ असेल तर पुढं वादात ती कामाला येत नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, हजर किती, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) होता का, किती रुपयांपर्यंतच्या खर्चाला मंजुरी दिली, हे लिहा. पानांना क्रमांक हवेत, आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर रेघ मारून मगच अध्यक्षांची सही घ्या.

सगळे विश्वस्त घरचेच

नवरा, बायको, मेहुणा आणि एक मित्र. अशा मंडळात भांडण होत नाही हे खरं, पण हिशेबही कुणी विचारत नाही. हिशेब समजणारा एक, ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यातला एक आणि चाळिशीच्या आतला एक, एवढी तीन माणसं तरी बाहेरची घ्या. एखाद्या विश्वस्ताच्याच दुकानातून खरेदी करायची असेल तर दर ठरताना त्यांनी सभेबाहेर बसावं, आणि तशी नोंद इतिवृत्तात यावी.

पुरात झुंबड, नंतर शुकशुकाट

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिथं पोहोचलं की कार्यकर्त्यांचे फोन सुरू होतात, आणि चूकही तेव्हाच होते. आलेल्या पोराला ‘चल चिखलीला’ म्हणून थेट पुराच्या गावात नेलं जातं. त्याला पोहता येतं का, घरी सांगून आलाय का, कुणी विचारत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या गावात तरी हे होऊ नये.

यादी मे महिन्यातच करा: नाव, रक्तगट, घरचा नंबर, गाडी आहे का, कोणतं काम जमतं. पाण्यात उतरणं प्रशिक्षित पथकांवर सोपवा. निवारा केंद्रातली नोंद, औषधांची यादी आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढणं ही कामंही थोडी नाहीत. गाळासाठी गमबूट आणि हातमोजे आधी, माणसं नंतर. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका खरा आहे. पेट्रोलचा खर्च त्याच आठवड्यात द्या. पूर संपल्यावर याच मुलांना महिन्यातून दोन तासांचं ठरलेलं काम द्या, शनिवारची अभ्यासिका म्हणा किंवा स्टॉकची मोजणी. नुसतं ‘येत जा’ म्हटल्यानं कुणी येत नाही.

पावत्या, क्यूआर आणि गाळा

सचिवाच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड चिकटवून देणगी घेऊ नका, पुराच्या घाईतही नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आणि ब्लँकेट-धान्यासारख्या वस्तूंना देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा. संस्थेचा गाळा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. करार आधी आणि परवानगी नंतर, असं सहसा चालत नाही.

पासवर्ड एकाच्याच फोनमध्ये

ईमेल, आयकर पोर्टल आणि बँकेचा नोंदणीकृत मोबाइल नंबर संस्थेच्या नावावरच्या सिमवर आणा. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, सीलवर दोन विश्वस्तांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवा. पदाधिकारी बदलले की त्याच दिवशी पासवर्ड बदला आणि चेकबुक, शिक्के, पावती पुस्तकं यांची ताबा-यादी करून देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्याही सह्या घ्या.